निकाल देणारे सर

महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालात क्रीडा विभागाला सहसा एक पान मिळते. त्यावर संघाचे छायाचित्र असते. मध्ये संस्थेचे अध्यक्ष, शेजारी प्राचार्य, पुढे जमिनीवर ठेवलेली ढाल, आणि एका कडेला हात मागे बांधून उभे असलेले सर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कितवा क्रमांक आला, विद्यापीठाचे 'कलर होल्डर' किती झाले, अश्वमेध महोत्सवासाठी कोणाची निवड झाली, एवढे त्यात नमूद असते. ऑगस्टमध्ये संघात किती मुलेमुली होती, फेब्रुवारीत किती उरली, आणि जी गेली ती का गेली, हे लिहिण्याची पद्धत नाही. महाविद्यालयीन खेळांतील प्रशिक्षकांच्या क्रौर्याविषयी कोणाला खरोखर जाणून घ्यायचे असेल, तर त्याने या न लिहिलेल्या आकड्यापासून सुरुवात करावी, असे आम्हांस वाटते.

हा विषय आम्ही भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात मांडत आहोत, तो तिथल्या एखाद्या प्रकरणामुळे नव्हे. खेळ ही गोष्ट तिथे विरंगुळ्याची नाही, म्हणून. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेला हा सात तालुक्यांचा जिल्हा. धान, तलाव, वैनगंगा. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आणि तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी सोडल्या तर पगाराची कामे थोडी. मुंबई-कोलकाता महामार्गाच्या कडेने, लाखनी-साकोलीच्या बाजूला, पहाटे अंधारात धावणारी पोरे दिसतात, ती पोलीस भरतीची. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. म्हणजे दीड-दोन एकर धान असलेल्या घरात खेळाचे प्रमाणपत्र हा एक दस्तऐवज असतो, सातबाऱ्याइतकाच जपून ठेवण्याचा. त्याची किंमत किती, हे पाहायचे तर राज्यात उघडकीस आलेली बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे आठवावीत. ज्याची किंमत नसते त्याची नक्कल कोणी करीत नाही.

आणि या दस्तऐवजाकडे जाणारी वाट एका माणसाच्या हाताखालून जाते. गणिताचा प्राध्यापक कितीही खुनशी असला तरी विद्यापीठाची उत्तरपत्रिका अनोळखी परीक्षकाकडे जाते. संघनिवडीचे तसे नाही. एका दुपारी, एका मैदानावर, एकाच्या नजरेने ती होते आणि तिचे कारण कुठेही लिहिले जात नाही. नागपूरला सामना असेल तर साठेक किलोमीटर नेणाराही तोच, मुक्कामाची खोली ठरवणाराही तोच, आणि परत आल्यावर कोण किती 'शिस्तीत' वागले हे प्राचार्यांना सांगणाराही तोच. निवड, प्रवास, निवारा आणि साक्ष ही चार सूत्रे एका हाती असणारी दुसरी जागा आम्हांला शिक्षणसंस्थेत दिसत नाही.

क्रौर्य म्हणताना आम्ही फार असाधारण काही म्हणत नाही. कानशिलात लगावणे, आईबहिणीवरून शिव्या, मुलीच्या वजनाची आणि रंगाची सर्वांसमक्ष थट्टा, मासिक पाळीच्या दिवसांत मुद्दाम जादा फेऱ्या, दुखापत 'नाटक' ठरवून खेळायला लावणे, जातीवरून मारलेले टोमणे. यांपैकी बऱ्याच गोष्टी व्यायामाच्या वेषात येतात, हे त्यांचे वैशिष्ट्य. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईच्या एका शाळेत सहावीतील मुलीला उशीर झाला म्हणून शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांनी ती मुलगी गेली आणि शिक्षिकेला अटक झाली. ती शाळेच्या शिक्षेची गोष्ट होती, खेळाची नव्हे. परंतु उठाबशा हा व्यायामही आहे आणि शिक्षाही, आणि त्यांतले नेमके काय चालू आहे हे ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याकडे असतो, काढणाऱ्याकडे नसतो. मैदानावर ही संदिग्धता रोजची असते.

आपल्याकडे याचे समर्थन परंपरेने केले जाते. तालमीतला वस्ताद मारायचाच, असे सांगतात. मारत असेल. पण वस्ताद पठ्ठ्याबरोबर राहत होता, त्याच्या खुराकाची काळजी वाहत होता, आणि पठ्ठा मोडला तर गाव वस्तादाला जाब विचारी. (त्या तालमीत मुली नव्हत्या, आणि प्रत्येक जातीच्या मुलाला तिथे सारखी माती मिळत होती असेही नाही, हे बजावून ठेवतो.) आजच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे पद अनेकदा रिकामे असते आणि एखादा जुना खेळाडू मानधनावर किंवा नुसत्या आशेवर संघ घेतो. वस्तादाचा उगारलेला हात या व्यवस्थेत उतरला. त्याच्यावरची गावाची नजर उतरली नाही. उत्तम प्रशिक्षकाला भारत सरकार १९८५ पासून जो पुरस्कार देते तो द्रोणाचार्यांच्या नावाचा आहे. झाडीपट्टीत, जिथे गोंड, हलबा मुले मैदानावर उतरतात, तिथे ते नाव कसे ऐकू येत असेल, याचा विचार नाव ठेवणाऱ्यांनी केला नसावा.

आता संस्था काय करतात ते पाहू. आम्हांला सर्वांत बोलके वाटते ते उदाहरण अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे. तिथले बास्केटबॉल प्रशिक्षक माइक राइस सरावात खेळाडूंना ढकलत, लाथ मारत, अंगावर चेंडू फेकत, समलैंगिकांवरून शिव्या देत. संघाच्या कामात असलेल्या एरिक मर्डॉक या माजी खेळाडूने त्या सरावांच्या चित्रफिती २०१२ च्या अखेरीस विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांपुढे ठेवल्या. तोवर त्याचे स्वतःचे काम संपुष्टात आलेले होते. संचालकांनी राइस यांना तीन सामन्यांसाठी निलंबित केले आणि दंड केला. बाहेरच्या वकिलाकडून अहवालही मागवला. तो जानेवारी २०१३ मध्ये आला आणि त्याचा निष्कर्ष असा, की वर्तन अनुचित असले तरी विद्यापीठाच्या नियमांतील 'प्रतिकूल कार्यस्थळ' या व्याख्येत ते बसत नाही. प्रकरण मिटले. २ एप्रिल २०१३ रोजी त्याच फिती दूरचित्रवाणीवर दिसल्या. ३ एप्रिलला राइस बडतर्फ, ५ एप्रिलला संचालकांचा राजीनामा. पुढे विद्यापीठाने राइस यांना तडजोडीपोटी पावणेपाच लाख डॉलर दिले.

फिती त्याच होत्या. डिसेंबरात त्या तीन सामन्यांच्या मोलाच्या होत्या आणि एप्रिलमध्ये नोकरीच्या. मधल्या काळात खेळाडूंच्या अंगावरचे वळ वाढले नव्हते, बघणारे वाढले होते. आणि त्याहून महत्त्वाचे ते वकिलाचे वाक्य. त्या माणसाने खोटे लिहिले असे आम्ही म्हणणार नाही. त्याला प्रश्नच असा विचारला होता, की हे कोणत्या व्याख्येत बसते? मुलांना काय झाले, हा प्रश्न त्याच्या कामाच्या कक्षेत नव्हता.

आपल्याकडची स्थिती या व्याख्यांच्या बाबतीत अधिकच चमत्कारिक आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे, पण ती सहा ते चौदा वयाच्या मुलांपुरती. अकरावीत आलेला मुलगा त्या छत्राबाहेर. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे आहेत, पण ती सारी रचना विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला छळण्याविषयीची आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र नेमका आहे. त्यातील कार्यस्थळाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचे ठिकाण यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तक्रारदार स्त्री तिथे नोकरीला असली पाहिजे अशी अटही नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. गल्लीतल्या भरती अकादमीलासुद्धा हे लागू होते. मात्र तक्रार तीन महिन्यांत करायची. समितीला वाटले तर आणखी तीन महिने. खेळाडूचे वर्ष या हिशेबात बसत नाही. जुलैत काही घडले, तर संघात नाव लागेपर्यंत, मग स्पर्धा होईपर्यंत, मग प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत ती गप्प राहते. तोवर मुदत गेलेली असते. आणि मुलगा असेल, किंवा छळ लैंगिक नसून नुसता छळ असेल, तर हेही दार नाही. पोलीस ठाणे आहे, पण सरांविरुद्ध ठाण्यात जाणारा विद्यार्थी आम्हांला डोळ्यांपुढे आणता येत नाही. २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, विद्यापीठात लोकपाल असतो. ही नावे संघातल्या किती जणांच्या कानांवर गेली आहेत, हे प्राचार्यांनी एकदा मैदानावर जाऊन विचारावे.

विचारावे हे खरे, पण कोणाला? जपानमध्ये ओसाका शहराच्या साकुरानोमिया विद्यालयात डिसेंबर २०१२ मध्ये बास्केटबॉल संघाच्या सतरा वर्षांच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली. त्याच्या वर्षभर आधी शहर प्रशासनाकडे मारहाणीची निनावी सूचना आली होती. शाळेने चौकशी केली ती शिक्षकांकडे. विद्यार्थ्यांना विचारले नाही, आणि काही आढळले नाही असे कळवून टाकले. जपानच्या कायद्यात शारीरिक शिक्षेला १९४७ पासून बंदी आहे.

आपल्या राष्ट्रीय पातळीचे चित्र सर्वांना ठाऊक आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणात दहा वर्षांत लैंगिक छळाच्या किमान पंचेचाळीस तक्रारी झाल्या आणि त्यांतील एकोणतीस प्रशिक्षकांविरुद्ध होत्या, असे जानेवारी २०२० मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'ने माहिती अधिकारातून मिळवून छापले. दोष आढळला तरी अनेकदा शिक्षा झाली ती बदलीची किंवा पगारातील किरकोळ कपातीची. बदली म्हणजे दुसऱ्या गावच्या मुली. जानेवारी २०२३ मध्ये कुस्तीपटू जंतरमंतरवर बसल्या. देशासाठी पदके आणलेल्या स्त्रियांच्या तक्रारीवर गुन्हा नोंदला गेला तो २८ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यानंतर. साक्षी मलिकला ऑलिंपिक पदक गळ्यात असताना एवढे लागते, तर लाखांदूरच्या बी.ए. द्वितीय वर्षाच्या मुलीने काय गृहीत धरावे?

ती एकच गोष्ट गृहीत धरते: घरी कळले तर खेळ सुटेल. आमच्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. जिल्ह्याच्या गावांत अशा गोष्टीवरचा पहिला आणि बहुधा शेवटचा उपाय मुलीला घरी बसवणे हा असतो. "पोरीले आता खेळाले धाडू नका," एवढ्या एका वाक्यात कुटुंबाची चौकशी, निर्णय आणि अंमलबजावणी होते. बापाला दोष देणे सोपे आहे. पण तक्रारपेटीला कुलूप कोणाचे, हे त्याला संस्थेपेक्षा चांगले कळते. परिणाम मात्र असा, की मुलीच्या सुरक्षिततेची किंमत मुलीनेच भरायची. सर पुढच्या वर्षी नवा संघ बांधतात, अहवालातले पान भरते आणि आमच्या त्या न लिहिलेल्या आकड्यात एकाची भर पडते.

प्रशिक्षकांची बाजू नाही असे नाही. सराव सुरू होण्याआधी स्वतः मैदानावर चुना मारणारे, पोरांच्या एसटीचे भाडे खिशातून देणारे, कबड्डीच्या मॅटसाठी वर्षानुवर्षे अर्ज करणारे सर आम्ही पाहिले आहेत. त्यांतले काही कडक आहेत आणि मुले त्यांच्यासाठी जीव टाकतात. उद्या आवाज चढवला तरी तक्रार होईल, ही त्यांची भीती पोकळ नाही. परंतु कडकपणा आणि छळ यांतली रेघ सांगतात तितकी पुसट नसते. पन्नास फेऱ्या साऱ्या संघाला असतील तर तो सराव. एकीलाच, काल फोन उचलला नाही म्हणून असतील, तर तो सराव नव्हे. जे वाक्य मुलीच्या आईसमोर उच्चारता येत नाही, ते चढाई सुधारण्यासाठी लागते असे कोणत्याही प्रशिक्षणशास्त्रात नाही. चांगल्या सरांचे सर्वांत मोठे नुकसान वाईट सर करतात, आणि तरी पहिल्यांनी दुसऱ्यांची पाठराखण करावी ही रीत आहे. तिचे कारण आम्हांला एकच दिसते: दोघेही मानधनावर आहेत आणि दोघांनाही निकालच मागितला जातो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. ती राष्ट्रीय महासंघांसाठी. साकोलीच्या मैदानापर्यंत ती यायला किती वर्षे लागतील याचा अंदाज बांधण्यात आम्ही वेळ घालवणार नाही. पैसा न लागणाऱ्या काही गोष्टी महाविद्यालये स्वतः करू शकतात. निवड दोघांनी करावी, त्यांतला एक दुसऱ्या महाविद्यालयाचा असावा, आणि वगळलेल्या प्रत्येक नावापुढे एक ओळ कारण लिहावे. मुलींचा संघ बाहेरगावी जाईल तेव्हा सोबत एक स्त्री असावी. मानधन देता येत नसेल तर संघातल्या एखाद्या मुलीची आई चालेल. ज्यांनी हंगामाच्या मध्यात खेळ सोडला त्यांच्याशी, सरांच्या गैरहजेरीत, प्राचार्यांनी स्वतः बोलावे आणि जे ऐकले ते तारखेसह लिहून ठेवावे. जिल्हा क्रीडा संकुलाच्या फाटकावर देणगीदारांची नावे संगमरवरात असतात. तिथेच, मराठीत, स्थानिक समितीचा पत्ता आणि दूरध्वनी रंगवावा, आणि त्याखाली तीन महिन्यांच्या मुदतीचा उल्लेख करावा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक लागण्याआधी हे होऊ शकते. एका रंगाच्या डब्याचे काम आहे.