पोपडे रंगाचे नव्हेत, ओलीचे

परळमध्ये पुनर्विक्रीचे घर पाहायला गेलेल्या कुटुंबाने छताकडे बोट दाखवले की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘पोपडेच आहेत, रंगाचा एक हात मारला की झाले.’ मग किमतीतून रंगकामाचे पैसे वजा होतात आणि दोन्ही पक्ष खूश होतात. केईएम, टाटा आणि वाडिया रुग्णालयांच्या या शेजारात निदानाआधी औषध देऊ नये, हे कोणाला शिकवावे लागत नाही. घराच्या बाबतीत मात्र तेच सर्रास घडते.

छताचा रंग सहसा विनाकारण सुटत नाही. कधी वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून किंवा गच्चीतून पाणी झिरपते, कधी बंद खोलीतली वाफ छतावर साचते. तिसरे कारण सर्वांत गंभीर. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरला की ही अल्कता घटते. त्यात ओल मिळाली की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि खालचा थर फोडून काढतो. मुंबईची खारी हवा या कामाला हातभारच लावते.

हे प्रकार ओळखणे फार अवघड नाही. पापुद्रा कोरडा आणि गिलावा टणक असेल, तर दोष बहुधा जुन्या रंगकामाचा. पांढरी भुकटी दिसली, तर पाण्याने आतले क्षार बाहेर आणले आहेत. प्लास्टिकचा तुकडा छताला चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवावा. आतल्या बाजूला दव आले, तर ओल स्लॅबमधून येते. बाहेरून आले, तर खोलीतल्या वाफेतून. सळईच्या रेषेत चीर, तांबूस डाग आणि काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज, ही लक्षणे दिसली की रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवावे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर तो फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतो. रंग गुलाबी झाला, तर अल्कता शाबूत आहे.

आरोग्याचा हिशेब वेगळाच. ओल आणि बुरशी असलेल्या घरात दमा आणि श्वसनाच्या तक्रारी वाढतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवले आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा जास्त नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः दारे-खिडक्यांवरच्या, शिसे असू शकते. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी मारून खरवडावा आणि तेवढे दिवस मुले व गर्भवती स्त्रिया दुसरीकडे राहाव्यात.

खरे तर पोपडे सुटलेले छत निदान खोटे बोलत नाही. जास्त संशय यावा तो विक्रीच्या आदल्या महिन्यात पुट्टी भरून चकचकीत केलेल्या छताचा. म्हणूनच घर शक्यतो भर पावसाळ्यात पाहावे आणि वरच्या मजल्यावरही डोकावावे.

पण हा भार एकट्या ग्राहकावर का? मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तो अहवाल पुष्कळदा सोसायटीच्या कपाटातच पडून राहतो. अहवाल उघड झाला तर सगळ्यांच्याच घरांचे भाव पडतील, अशी सभासदांना भीती वाटते. ती समजण्यासारखी असली, तरी तिची किंमत अनभिज्ञ कुटुंबाने मोजणे न्याय्य नाही. आयुष्याची पुंजी ओतल्यावर वर्षभरात स्लॅबदुरुस्तीची वर्गणी त्याच्याच बिलात येते. टोकन घेण्याआधी हा अहवाल खरेदीदाराला दाखवणे सोसायटी आणि विक्रेता दोघांवरही सक्तीचे व्हायला हवे. तोवर अहवाल पाहिल्याशिवाय टोकन न देणे, एवढे तरी खरेदीदाराच्या हाती आहेच.