नफा कंपनीचा, जबाबदारी देशाची?

मा. अध्यक्ष,
इन-स्पेस, बोपल, अहमदाबाद



भारतीय अंतराळ धोरण २०२३ मधल्या एका कलमाबद्दल हे पत्र आहे. लघुग्रहांवरची किंवा अंतराळातली साधनसंपत्ती खासगी कंपन्यांनी जरूर मिळवावी आणि मिळेल ती त्यांना स्वतःच्या मालकीची म्हणून वापरता, विकता येईल, असं ते कलम सांगतं. अट एवढीच, की हे सगळं कायद्याला आणि देशाच्या आंतरराष्ट्रीय बंधनांना धरून व्हावं. पण तो कायदा आहे कुठे? अंतराळ उपक्रम विधेयकाचा मसुदा २०१७ साली हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला होता. त्याचा कायदा मात्र अजून झालेला नाही. परवानग्या देण्याचं काम तुमच्याकडे आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो.

हे फार पुढचं आहे, असं कृपया म्हणू नका. चंद्रावरची माती विकत घेण्यासाठी नासाने २०२० साली चार कंपन्या निवडल्या. त्यांतल्या लुनर आउटपोस्टची बोली होती अवघ्या एका डॉलरची, आणि दहा टक्के आगाऊ म्हणून तिला नासाकडून दहा सेंट मिळाले. मार्च २०२५ मध्ये तिची छोटी गाडी घेऊन गेलेलं यान चंद्रावर आडवं पडलं आणि गाडी बाहेरच येऊ शकली नाही. तरीही त्या दहा सेंटांनी पायंडा पाडला: कंपनीने चंद्रावरून काही उचलायचं आणि ते विकायचं. चंद्रावरची साधनसंपत्ती वापरायला मान्यता देणाऱ्या आर्टेमिस करारावर जून २०२३ मध्ये सही करून आपणही त्याच वाटेला लागलो आहोत.

खासगी उद्योगाला माझा विरोध नाही. सरकारी यंत्रणेला सगळं एकटीने झेपणारही नाही. पण भागीदारी म्हटली की वाटे आधी ठरवावे लागतात. १९६७ चा अंतराळ करार सांगतो, की खासगी कंपनीने अंतराळात काहीही केलं तरी त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी तिच्या देशावर. १९७२ च्या करारानुसार यान किंवा त्याचे अवशेष जमिनीवर कोसळून नुकसान झालं, तर भरपाईचं दायित्वही प्रक्षेपण करणाऱ्या देशावर. म्हणजे बिल आपल्या सगळ्यांच्या नावावर. शिवाय चंद्रावर पाणी असल्याचा ठोस पुरावा मिळाला तो चंद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणातून. यान आपल्या करांतून गेलं, उपकरण अमेरिकेच्या. शोध लागला तो सार्वजनिक पैशातून. मग उद्या तिथलं बर्फ विकून येणाऱ्या पैशात जनतेचा वाटा किती?

वाट्यासाठी सरकारने स्वतः पैसे गुंतवणं हाही खात्रीचा मार्ग नाही. लक्झेंबर्ग सरकारने प्लॅनेटरी रिसोर्सेस या लघुग्रह-खनन कंपनीत भांडवल घातलं होतं. कंपनी २०१८ मध्ये दुसऱ्याच्या हाती गेली आणि सरकारचे पैसे बुडाले. श्रीमंत देश, त्याने सोसलं.

वाटा आधी न ठरवल्याचा अनुभव तर आपल्या घरचाच आहे. गोव्यात खनिज निघून गेलं, उरले ते खड्डे आणि शेतात उतरलेला लाल गाळ. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के पैसा पुढच्या पिढ्यांसाठी कायमनिधीत ठेवा. हे शहाणपण पहिल्या परवान्याच्या दिवशी सुचलं असतं, तर गोव्याच्या पदरात कितीतरी जास्त पडलं असतं.

म्हणून विनंती आहे, की संसदेने कायदा करेपर्यंत अंतराळातल्या खनिजाच्या मालकीची एकही परवानगी देऊ नका. त्या कायद्यात कंपनीने उतरवायच्या विम्याची रक्कम, विक्रीतला सार्वजनिक वाटा आणि प्रत्येक कराराची प्रत लोकांसमोर ठेवण्याचं बंधन, हे तिन्ही असावं. मसुदा पुन्हा हरकतींसाठी काढाल, तेव्हा तो मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत काढा.

आपला,
एक करदाता