स्त्रियांची आर्थिक समता : मदतीकडून मालकीकडे

गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांनी स्त्रियांच्या बँक खात्यात दरमहा थेट रक्कम जमा करणाऱ्या योजना सुरू केल्या. पश्चिम बंगालमध्ये २०२१ साली ‘लक्ष्मीर भांडार’, मध्य प्रदेश आणि कर्नाटकात २०२३ साली अनुक्रमे ‘लाडली बहना’ व ‘गृहलक्ष्मी’, तर महाराष्ट्रात २०२४ साली दरमहा १५०० रुपयांची ‘माझी लाडकी बहीण’ योजना आली. या योजनांची चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते : तिजोरीवर भार किती आणि मतपेटीवर परिणाम किती. स्त्रियांसाठी वेचलेला पैसा समाजाला काय मिळवून देतो आणि तो कोणत्या मार्गाने गेल्यास अधिक मिळवून देतो, हा तिसरा प्रश्न मात्र बाजूला राहतो.

दरमहा हाती येणाऱ्या रकमेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. औषधपाणी, मुलांच्या वह्या, किराणा यांसाठी पतीपुढे हात पसरावा न लागणे, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु ही रक्कम महिनाअखेर संपते. तिच्यातून मालमत्ता उभी राहत नाही, कौशल्य वाढत नाही आणि स्त्रीच्या कामाचा मोबदलाही बदलत नाही. मदत आणि गुंतवणूक यांतील फरक नेमका येथेच आहे.

वारसाहक्काचा धडा

हा फरक स्पष्ट करणारा अनुभव महाराष्ट्रानेच घेतला आहे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा देणारा बदल आंध्र प्रदेशाने १९८६ साली, तमिळनाडूने १९८९ साली आणि महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांनी १९९४ साली केला. केंद्राने तो २००५ साली संपूर्ण देशाला लागू केला. वडील २००५ पूर्वी निवर्तले असले तरी मुलीचा हा हक्क अबाधित राहतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला.

महाराष्ट्र व कर्नाटकातील या सुधारणेचे परिणाम जागतिक बँकेशी निगडित अभ्यासकांनी तपासले. जमिनीत वाटा मिळण्याची मुलींची शक्यता वाढली, मात्र भाऊ-बहिणीतील अंतर पूर्णपणे मिटले नाही. याहून लक्षणीय बाब अशी, की सुधारणेनंतर मुलींचे शिक्षण वाढले आणि त्यांच्या विवाहाचे वयही पुढे गेले. शासनाने येथे एक रुपयाही वाटला नव्हता. मुलीचा हक्क मान्य होताच तिच्याकडे पाहण्याची कुटुंबाची दृष्टी काही प्रमाणात बदलली.

तरीही कायदा आणि सातबारा यांत आजही मोठी दरी आहे. ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे तीन शेतीत राबतात. परंतु २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीच्या खात्यांपैकी केवळ १४ टक्के खाती स्त्रियांच्या नावे होती. जमिनीच्या नोंदीत नाव नसलेल्या स्त्रीला पीककर्ज मिळणे कठीण जाते, नुकसानभरपाईचा दावा करणे अवघड होते आणि पतीच्या पश्चात तिचे शेतकरीपणच नाकारले जाते. ही जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवड येथे स्त्रियांचे विशाल अधिवेशन भरवले आणि पुढे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून, पत्नीच्या नावे जमीन करून द्या, असे आवाहन शेतकऱ्यांना केले. हा विषय सौजन्याचा नसून कष्टाच्या हिशेबाचा आहे, हे त्या चळवळीने ओळखले होते.

खाते कोणाचे, मिळकत कोणाची

मालकीइतकेच महत्त्व कमाईवरील ताब्याला आहे. मध्य प्रदेशाच्या उत्तर भागात अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग याबाबत उद्बोधक ठरतो. ग्रामीण रोजगार हमीच्या कामाची मजुरी त्या काळी बहुधा कुटुंबप्रमुख पुरुषाच्या खात्यात जमा होत असे. काही गावांतील स्त्रियांना स्वतःचे खाते उघडून देण्यात आले, ते वापरण्याचे प्रशिक्षण दिले गेले आणि मजुरी थेट त्या खात्यात जमा होऊ लागली. परिणामी, हमीच्या कामांवर आणि त्याबाहेरही या स्त्रिया अधिक काम करू लागल्या. स्त्रीने घराबाहेर काम करण्याविषयीच्या कल्पनाही सैल झाल्या. मजुरीचा दर तोच होता. बदलला होता तो तिच्यावरचा ताबा.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली माणदेशी महिला सहकारी बँक याच सूत्राची साक्ष देते. संस्थापक सभासद स्त्रिया निरक्षर असल्याने परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता. त्या स्त्रिया अक्षरे गिरवायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेकडे गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असे त्यांनी सांगितले. परवाना मिळाला. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात बचत करण्याची ऐपत होती. उणीव होती ती बचत स्वीकारणाऱ्या संस्थेची.

नाबार्डने १९९२ साली ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला होता. आज राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानातील गटांशी सुमारे १० कोटी कुटुंबे जोडली गेली आहेत. मात्र केवळ कर्ज म्हणजे समता नव्हे. बाजारपेठ आणि उत्पन्नाची खात्री नसताना दिलेले कर्ज गळफास कसे होते, हे आंध्र प्रदेशातील २०१० सालच्या सूक्ष्मवित्त संकटाने दाखवून दिले.

वेळेचे दारिद्र्य

श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया घरच्या शेतीत किंवा व्यवसायात विनावेतन मदतनीस आहेत. श्रम मोजले गेले, मोबदला मात्र मिळाला नाही.

यामागील कारण वेळेच्या वाटणीत दडले आहे. २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते, तर घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे. ही तफावत कायम असताना कौशल्य प्रशिक्षणाचे वर्ग कितीही भरवले, तरी तेथे जाण्यासाठी स्त्रीला सवड कोठून मिळणार? म्हणूनच घरापर्यंत आलेले नळाचे पाणी, स्वयंपाकाचा गॅस, पाळणाघर आणि सुरक्षित प्रवास या सोयी स्त्रियांच्या आर्थिक समतेतील गुंतवणूकच ठरतात. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात स्त्रियांना मिळालेली निम्मी सवलत या दृष्टीनेही पाहायला हवी. प्रवास स्वस्त झाला की तालुक्याचा बाजार, महाविद्यालय आणि नोकरी आवाक्यात येते.

या गुंतवणुकीचा भार कोणी उचलायचा, हाही कळीचा मुद्दा आहे. २०१७ साली प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हेतू योग्य होता; पण खर्च मुख्यतः मालकावर पडल्याने स्त्रियांना नोकरी देण्याबाबतच हात आखडता घेतला जाण्याचा धोका निर्माण झाला. पुढची पिढी घडवण्याचा लाभ साऱ्या समाजाला होत असेल, तर त्याचा खर्चही समाजाने वाटून घेणे न्याय्य ठरते.

स्त्रियांवर केलेला खर्च समाजाकडे परत येतो : मुलींच्या वाढलेल्या शिक्षणातून, घरात वाढलेल्या कमाईतून आणि दुष्काळी तालुक्यात उभ्या राहिलेल्या बचतीतून. मात्र तो दरमहाच्या रकमेपाशी थांबला, तर त्यातून दिलासा मिळेल, समता येणार नाही. कोणत्याही योजनेचे मूल्यमापन करताना लाभार्थींची संख्या मोजली जाते. त्यासोबत सातबाऱ्यावर, घराच्या कागदांवर आणि मजुरीच्या खात्यावर किती स्त्रियांची नावे चढली, हेही मोजले गेले पाहिजे.