रिकामी खोली उद्या विकता येत नाही

कापडाचे ठाण आज विकले गेले नाही, तर उद्या विकता येते. लॉजमधील खोलीचे तसे नाही. आजची रात्र रिकामी गेली की तिचे भाडे कायमचे बुडाले. होडीतील रिकाम्या जागेचे आणि खाणावळीतील उरलेल्या जेवणाचेही तेच. पर्यटनाच्या धंद्यात सेवा विकली जाते, आणि सेवा गोदामात साठवता येत नाही. गिऱ्हाईक वेळेवर मिळवणे हाच या धंद्याचा प्राण होय.

मुरूड-जंजिऱ्याचे उदाहरण घ्या. सिद्दींचा हा समुद्रातील किल्ला पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून लोक येतात आणि राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जातात. पावसाळ्यात हे जाणे बंद असते. उरलेल्या महिन्यांतही खरी गर्दी शनिवार-रविवारची. म्हणजे वर्षाचा संसार मोजक्या दिवसांच्या कमाईवर चालवायचा.

अशा वेळी लहान लॉजमालक खोल्या भरण्याचे काम इंटरनेटवरील बुकिंग कंपन्यांवर सोपवतो. कंपनी गिऱ्हाईक आणते हे खरे; परंतु ती प्रत्येक बुकिंगमागे कमिशन घेते. त्यातच करारातील अटी वेगळ्या. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना 223 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. हॉटेलांनी आपल्या खोल्या अन्य ठिकाणी, अगदी स्वतःच्या वेबसाइटवरही, कमी दराने विकू नयेत अशी अट त्यांनी घातली, असा ठपका आयोगाने ठेवला. सही करण्यापूर्वी करार वाचावा, हा यातील धडा आहे.

बुकिंग कंपनी सोडून द्या, असे आमचे म्हणणे नाही. पण हिशेब करा. हंगामातील शनिवार-रविवारी खोल्या आपोआप भरत असतील, तर त्या दिवसांचे कमिशन कशासाठी द्यायचे? कंपनीला मधल्या वारांच्या खोल्या द्याव्यात. एकदा आलेला पाहुणा मात्र दुसऱ्यांदा थेट आपल्याकडे आला पाहिजे. त्यासाठी दर फलकावर लिहावेत, पक्की पावती द्यावी, पाहुण्याला विचारून त्याचा फोन नंबर नोंदवून ठेवावा आणि हंगाम सुरू होताच त्याला कळवावे. शाळा-कॉलेजांच्या सहलींना मधल्या वारांसाठी सवलतीचा दर द्यावा.

याहून मोठी गोष्ट एकोप्याची. धक्क्यावर एकमेकांचे गिऱ्हाईक ओढल्याने दर पडतात आणि गावाचे नाव खराब होते. होडीवाल्याने खाणावळीचे नाव सांगावे, खाणावळवाल्याने लॉजचे, लॉजवाल्याने रिक्षावाल्याचे. किल्ला पाहून दुपारीच परतणारा माणूस सांदण आणि तांदळाची भाकरी खाण्यासाठी एक रात्र थांबला, तर चार घरांत पैसा येतो.

जाहिरातीला भांडवल लागते. चोख व्यवहाराला लागत नाही. समाधानाने परतलेला पाहुणा दहा ठिकाणी आपले नाव सांगतो, आणि त्याचे कमिशन कोणालाच द्यावे लागत नाही.