घड्याळ हलवणं बंद करा, पण काटा उन्हाळ्यावर अडकवू नका

मंडळी, पोस्ट मोठी आहे. तरी वाचा, कारण या सोमवारी सकाळी माझ्या गाडीखाली एक मुलगा येता येता राहिला.

रविवारी नेहमीप्रमाणे घड्याळं एक तास पुढे गेली. सोमवारी सहा-चाळीसला मी मेट्रोपार्क स्टेशनला जायला निघालो. बाहेर काळोख, त्यात झिमझिम पाऊस. आमच्या कॉलनीच्या वळणावर हायस्कूलच्या बससाठी मुलं उभी असतात हे मला गेली एकोणीस वर्षं माहीत आहे. तरीसुद्धा काळ्या हुडीतला तो मुलगा मला दिसला तेव्हा बंपर आणि त्याच्यात हातभर अंतर उरलं होतं. ब्रेक लागला. तो मुलगा उडी मारून मागे झाला, माझ्याकडे बघितलं आणि बसमध्ये चढला. मी मात्र गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं तशीच बसून होतो.

चूक माझी होती, ती दुसऱ्या कुणावर ढकलायची नाहीये. झोप पुरी झाली नव्हती, लक्ष नव्हतं. पण त्या पाच मिनिटांत एक गोष्ट डोक्यातून जाईना. आदल्या शुक्रवारी याच वेळी, याच वळणावर उजेड होता. तीन दिवसांत सूर्य काही मागे गेला नाही. आपणच त्याला तासभर मागे ढकललं.

हे थांबायला हवं. इथवर बहुतेक जण माझ्याशी सहमत असतील. दर मार्चला आपल्या एडिसनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच रडगाणं असतं, "ही काय कटकट आहे, एकदाचं बंद करा." पण त्याच्या पुढच्याच मेसेजला माझा आक्षेप आहे. तो असतो, "उन्हाळ्याचीच वेळ कायमची ठेवा की!" नको. अजिबात नको. घड्याळ हलवणं बंद करायचं असेल तर ते हिवाळ्याच्या, म्हणजे मूळच्या वेळेवर थांबवा. नाहीतर आजचा त्रास परवडला म्हणायची पाळी येईल.

आधी एक गैरसमज. "हे शेतकऱ्यांसाठी केलं होतं ना?" असं मला किमान दहा जणांनी विचारलं असेल. उलट आहे. जर्मनीने पहिल्या महायुद्धात १९१६ साली इंधन वाचवायला हे सुरू केलं, अमेरिकेने १९१८ साली उचललं. शेतकऱ्यांनीच त्याला कडाडून विरोध केला, कारण गाय घड्याळ बघून दूध देत नाही आणि दव वाळल्याशिवाय गवत कापता येत नाही. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने तो कायदा रद्दसुद्धा केला होता. पुढे हे परत आलं आणि वाढत गेलं. १९८० च्या दशकात गोल्फवाल्यांनी काँग्रेसपुढे हिशेब मांडला की उजेडाचा एक जादा महिना म्हणजे वर्षाला २० कोटी डॉलरचा धंदा. २००७ पासून तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, म्हणजे वर्षातले जवळजवळ आठ महिने आपण सरकवलेल्या वेळेवर जगतो.

वीज वाचते म्हणाल, तर शेजारच्या इंडियानाचं उदाहरण आहे. शेजारचं म्हणजे आपलं पुण्याहून नागपूर शेजारी तसं. तिथे २००६ पर्यंत बऱ्याच जिल्ह्यांत घड्याळ बदलतच नव्हतं. मग सगळ्या राज्याला लागू केलं. अभ्यासकांनी घरगुती विजेची बिलं तपासली, तर वापर सुमारे एक टक्क्याने वाढलेला. दिवे थोडे कमी लागले, पण उन्हाळ्यातल्या लांबलेल्या संध्याकाळी एसी जास्त चालला.

आता तब्येतीचं. मिशिगनमधल्या रुग्णालयांच्या नोंदींवरचा २०१४ चा अभ्यास सांगतो की घड्याळ पुढे गेल्यावरच्या सोमवारी हार्ट अटॅक २४ टक्के जास्त आले. हा आकडा सगळे फॉरवर्ड करतात, पण अर्धाच. त्याच अभ्यासात आठवड्याची एकूण संख्या बदललेली नव्हती. म्हणजे ज्यांना पुढेमागे झटका यायचाच होता, त्यांना त्या सोमवारने आधी गाठलं. अपघातांचं मात्र असं नाही. दोन दशकांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात मार्चमधल्या त्या आठवड्यात जीवघेणे अपघात सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेले दिसले. सोमवारी त्या आकड्यात माझी भर पडता पडता राहिली.

म्हणून बदल नको. पण मग कोणती वेळ ठेवायची? खरं भांडण इथे आहे.

उन्हाळी वेळ बारा महिने ठेवली तर आपल्याकडे काय होईल, ते कॅलेंडर घेऊन बघा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एडिसनला सूर्य साधारण सात-वीसला उगवतो. तो उगवेल आठ-वीसला. डिसेंबर आणि जानेवारी हे दोन्ही महिने संपूर्ण, सूर्योदय आठच्या नंतर. हायस्कूलची बस सातच्या आत येते. म्हणजे मुलं काळोखात बसमध्ये चढणार, काळोखात शाळेत शिरणार, पहिला तास सुरू झाला तरी खिडकीबाहेर रात्र. त्यात बर्फ. माझ्या हातून सोमवारी एका सकाळी जे घडलं, तसा धोका तुम्ही हिवाळ्यातल्या रोजच्या सकाळी मागताय.

हे मी कल्पनेने सांगत नाही. अमेरिकेने हे करून बघितलंय. तेलटंचाईच्या वेळी निक्सननी सही केली आणि ६ जानेवारी १९७४ पासून उन्हाळी वेळ भर हिवाळ्यात लागू झाली. डिसेंबर १९७३ मध्ये ७९ टक्के लोकांचा पाठिंबा होता. फेब्रुवारीपर्यंत तो ४२ टक्क्यांवर आला. फ्लोरिडात पहाटेच्या काळोखात शाळेला निघालेली मुलं गाड्यांखाली गेली आणि तिथल्या गव्हर्नरने कायदा मागे घ्या अशी मागणी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देश परत हिवाळी वेळेवर आला. ब्रिटननेही १९६८ ते १९७१ हा प्रयोग केला आणि सोडून दिला. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ लावली, तीन वर्षांत लोक कंटाळले आणि २०१४ पासून तिथे कायमची हिवाळी वेळ आहे. तीन देश, तीन वेगळी सरकारं, आणि तिन्हीकडे अनुभव एकच. तरी २०२२ च्या मार्चमध्ये आपल्या सिनेटने उन्हाळी वेळ कायम करणारं विधेयक धड चर्चासुद्धा न करता एकमताने पास केलं. हाऊसमध्ये ते अडकलं म्हणून आपण वाचलो.

"पण संध्याकाळचा उजेड!" ऐकतोय मी. माझाही त्यात जीव आहे. जूनमध्ये ऑफिसातून आल्यावर पार्कात आमचं टेनिस बॉल क्रिकेट साडेआठपर्यंत चालतं. हिवाळी वेळ कायम केली तर ते साडेसातला आटपावं लागेल आणि सूर्य पहाटे साडेचारला उगवेल. हे नुकसान खरं आहे, ते मी लपवत नाही. ज्यांची दुकानं ओक ट्री रोडवर आहेत त्यांना उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या गर्दीची काळजी वाटणार, तीही खोटी नाही.

पण दोन्ही पारड्यांत काय आहे ते बघा. एका बाजूला उन्हाळ्यातला, आधीच भरपूर असलेल्या उजेडातला एक तास. दुसऱ्या बाजूला हिवाळ्यातला, मुळात तुटपुंज्या उजेडातला सकाळचा तास. आणि शरीराला सकाळचाच उजेड लागतो. झोपेचं आतलं घड्याळ रोज त्याच्यावरच लागतं. रात्रीचा उशिरापर्यंतचा उजेड ते मागे ढकलतो. म्हणूनच इथल्या झोपेच्या डॉक्टरांची संघटना, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन, कायमची हिवाळी वेळच ठेवा असं म्हणते. माझी लेक अकरावीत आहे. तिला सकाळी सहाला उठवताना आमच्या घरात काय महाभारत होतं ते शेजाऱ्यांना विचारा. तिला अजून एक तास आधी, ऐन रात्री उठवायचं आणि त्याला "डेलाइट सेव्हिंग" म्हणायचं?

आपल्याकडे म्हणतात ना, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. काँग्रेसने कितीही कायदे केले तरी उजेड एक मिनिटाने वाढत नाही. फक्त कोणी काळोखात बाहेर पडायचं ते ठरतं. संध्याकाळी उजेडात खेळायचं असेल तर उन्हाळ्यात ऑफिसं एक तास लवकर सुरू करा, त्याला कोण नाही म्हणतंय? त्यासाठी अख्ख्या देशाला खोटी वेळ कशाला सांगायची?

वेळ ही साधी गोष्ट नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटं पुढे होती. मुंबईकर अडून बसले. महापालिकेने तर कित्येक दशकं मुंबईची वेळ सोडली नाही. ३९ मिनिटांसाठी जवळपास पन्नास वर्षं! आणि आपण इथे वर्षातून दोनदा साठ मिनिटं निमूट देतो-घेतो.

त्याची झळ इथेच थांबत नाही. आमचा सकाळी साडेआठचा कॉल पुण्याच्या टीमला हिवाळ्यात संध्याकाळी सातला पडतो, उन्हाळ्यात सहाला. ज्यांच्या देशात ही भानगडच नाही, त्यांची घरी जायची वेळ आपण वर्षातून दोनदा हलवतो. साताऱ्याला आई रोज माझ्या साडेसातच्या फोनची वाट बघते. आत्ता तिथे पाच वाजलेले असतात. नोव्हेंबरपासून सहा वाजतील आणि नेमका तेव्हाच तिचा हरिपाठ असतो. रविवारी तिला परत सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, "तुमच्याकडे सरकार सूर्यालापण ड्यूटी लावून देतं का रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता करायचं काय? इथे एक गंमत आहे जी फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९६६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे कुठल्याही राज्याला उन्हाळी वेळ नाकारून बारा महिने हिवाळी वेळेवर राहता येतं. वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही. हवाई तेच करतं, ॲरिझोनाचा बहुतेक भाग तेच करतो. कायमची उन्हाळी वेळ मात्र राज्याला स्वतःहून घेताच येत नाही. म्हणून कितीतरी राज्यांनी उन्हाळी वेळेचे कायदे करून ठेवलेत आणि ते काँग्रेसची वाट बघत धूळ खात पडलेत. जो मार्ग आरोग्याचा आहे तोच कायद्याने मोकळा आहे.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. न्यू जर्सीने एकट्याने केलं तर उन्हाळाभर आपण न्यूयॉर्कच्या एक तास मागे पडू आणि रोज नदीपार जाणाऱ्या माझ्यासारख्यांची फजिती होईल. म्हणून न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट यांच्याबरोबर मिळूनच हे व्हायला हवं. पण कुणीतरी पहिला विषय काढायला हवा की नाही?

माझी विनंती साधी आहे. ट्रेंटनमधल्या आपल्या आमदारांच्या ऑफिसला एक फोन करा किंवा दोन ओळींची ईमेल टाका. "शेजारच्या राज्यांबरोबर मिळून कायमची हिवाळी वेळ आणा" एवढंच सांगा. नुसतं "घड्याळ बदलणं बंद करा" म्हणू नका, कारण त्याचा अर्थ ते त्यांच्या सोयीने उन्हाळी वेळ असा लावतील. मंडळाच्या पुढच्या मीटिंगला मी हा विषय मांडणार आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी आवर्जून या, क्रिकेटवाल्यांनी तर नक्कीच. कॉमेंटमध्ये भांडायलाही मी तयार आहे.

आणि तोवर, निदान हे दोन आठवडे, सकाळी गाडी काढताना वळणावर पाय ब्रेकवर ठेवा. मुलांच्या दप्तराला चमकणारी पट्टी लावा. मी मंगळवारी लेकीच्या दप्तराला लावली. ती म्हणाली, "बाबा, हे फारच लहान मुलांसारखं दिसतं." दिसू दे म्हटलं.