स्वयंचलित कंट्रोलर आणि पाण्याचा हिशेब

ठिबकच्या नळ्यांना स्वयंचलित कंट्रोलर जोडण्याची चाल आपल्याकडील ऊस व फळबागांच्या पट्ट्यात वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून दारे धरावयास जाणे ज्याच्या वाट्याला आले आहे, त्याला या यंत्राचे मोल निराळे सांगावयास नको. तथापि यंत्र बसविले म्हणजे पाण्याची काळजी मिटली, हा समज निखालस चुकीचा असून त्यापासून जमिनीस धोका आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साधा कंट्रोलर म्हणजे वस्तुतः एक घड्याळच होय. नेमल्या वेळी तो व्हॉल्व्ह उघडतो आणि नेमलेली मिनिटे भरताच बंद करतो. पिकाला तहान किती, हे त्यास कळत नाही. मिनिटे चुकीची भरली, तर तीच चूक तो दररोज मोठ्या इमानाने करीत राहील.

म्हणून प्रथम हिशेब मांडावा. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे १०० लिटर. ४० गुंठ्यांच्या एकरास ४,००० लिटर. समजा, पूर्ण वाढीच्या उसाची दिवसाची गरज ६ मिलिमीटर आहे. म्हणजे एकरी २४,००० लिटर झाले. नळ्या ५ फुटांवर, ड्रिपर ४० सेंटिमीटरवर आणि प्रत्येक ड्रिपर ताशी ४ लिटरचा असेल, तर एकरात ताशी सुमारे २६,५०० लिटर पाणी पडते. थोडी घट धरूनही एक तास पुरतो. परंतु थंडीत गरज ३ मिलिमीटरवर उतरली आणि घड्याळ मात्र तासावरच राहिले, तर एकरी रोज १२,००० लिटर, म्हणजे महिन्यास ३,६०,००० लिटर पाणी मुळांखाली व्यर्थ जाते. सबब ऋतू पालटताच मिनिटेही पालटावीत.

ड्रिपरच्या छापील आकड्यावरही विसंबू नये. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली बाटली धरली असता १५ मिनिटांत १ लिटर भरले पाहिजे. नळीच्या आरंभी व शेवटी अशी परीक्षा करावी. तफावत मोठी निघाल्यास फिल्टर धुवावा आणि नळ्यांची टोके उघडून गाळ सोडावा. जेथे वीज अद्याप पाळीने मिळते, तेथे वीज जाताच काम जेथे थांबले तेथूनच पुढे चालविणारा आणि घड्याळासाठी बॅटरी असलेला कंट्रोलर घ्यावा. एरवी पहिल्या भागास दोनदा पाणी आणि शेवटचा भाग कोरडा, असा प्रकार घडतो.

यावर कोणी म्हणतील की, विहीर आमची, शिवाय ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफीची योजना २०२४ साली सुरू झाली. मग थोडे पाणी अधिक गेले तर बिघडले कोठे? बिघडते ते जमिनीत. नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरोल्ड मॅन व तम्हाणे यांनी १९१० साली प्रसिद्ध केला. कालव्याचे पाणी येऊन तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. महसूल खात्यातील नोकरीत पीकपाहणीचे कागद चाळताना आम्हीही हे पाहिले आहे: ज्या गटापुढे वर्षानुवर्षे ऊस लागत असे, त्याच गटापुढे पुढे ‘पड’ असा शेरा येई. काळ्या जमिनीत निचरा मंद. मुरलेले पाणी क्षार घेऊन वर येते, आणि चोपण झालेली जमीन सुधारण्यात एका पिढीची कमाई खर्ची पडते. शिवाय खताचा अंशही त्याच पाण्याबरोबर वाहून जातो, आणि आपण अधिक उपसलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतूनही कमी होते, हे विसरू नये.

आमची सूचना अल्प खर्चाची आहे. संस्थेने आपल्या कचेरीत बाष्पीभवन मोजण्याचे पात्र बसवून दररोजचा आकडा फळ्यावर लिहावा. सभासदाने दर आठवड्यास त्या आकड्यावरून मिनिटे ठरवावीत, वहीत नोंद करावी, आणि वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबून पाहावी. चिखल झाल्यास मिनिटे कमी, भुगा पडल्यास अधिक. यंत्राने आपली झोप राखावी. जमीन राखण्याचे काम मात्र मालकाचेच आहे, ते घड्याळाकडे सोपविता येत नाही.