वकीलसाहेब, जरा बाईशीही बोला!

वकिलाची तुलना सेल्समनशी केली की काळ्या कोटातल्या मंडळींना राग येतो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करून कामं मिळवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण मग त्याचं नाव होणार कशानं? त्याच्याकडून परत आलेली बाई शेजारणीला काय सांगते, त्यानंच ना!

आमच्या भिवंडीतला साडीच्या दुकानातला माणूस बघा. आधी बसवतो, पाणी विचारतो, ‘ताई, कितीपर्यंतची दाखवू?’ म्हणतो. बाई जे बोलत नाही तेही तो ओळखतो. याच गावात पोटगीसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या बायकांसोबत मी जाते. तिथे बरेचदा वकील बोलतो तो तिच्या भावाशी! वकीलपत्रावर सही तिची, पण त्यात लिहिलंय काय, हे तिला कुणी सांगत नाही. फीचा आकडा मोघम. कोर्टात काय झालं विचारलं तर ‘पुढची तारीख पडली’. लूमच्या कापडाचे धागे कापून पोट भरणारी बाई रोज बुडवून किती तारखांना येईल? ती यायचं थांबते, आणि कायदा तिच्या बाजूनं असूनही दावा बारगळतो.

एक वकीलबाई मात्र चिठ्ठीवर पुढची तारीख आणि त्या दिवशी काय होणार ते लिहून देतात. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बाईशी तर तेलुगूतच दोन शब्द बोलतात. त्यांच्याकडे बसायला जागा नसते!

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. १९२३ च्या कायद्यापर्यंत बायकांना वकिलीची दारं जवळजवळ बंदच होती. तरी पडद्यातल्या, परपुरुषासमोर न येणाऱ्या बायकांच्या घरी जाऊन त्यांनी मालमत्तेची गाऱ्हाणी ऐकली. १९०४ मध्ये सरकारनं त्यांना बंगालमध्ये याच कामावर नेमलं. बाई मोकळी झाल्याशिवाय हे काम झालंच नसतं.

‘हमखास जिंकून देतो’ म्हणणारा गोडबोल्या मात्र मला नको. तो निव्वळ माल खपवणारा.

आणि हो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन. तो वकील फुकटचा म्हणून गप्प बसू नका हं. सही करण्याआधी कागद आपल्या भाषेत समजावून मागा, भावाला बाहेर बसवून.